रिकाम्या पोटी मॅच बगू नये

...आन् वर मलाच इचारत्यात, "अमोआतेंग, एवढा कुमासीपातूर गेलास, आन् पोराची मॅच कशी रं चुकली?" चुकली! आरं, भिंतीला पाठ लावून बसलो व्हतो मी! भिंतीच्या पल्याड माजं पोरगं गोलात हुबं, आन् भिंतीच्या अल्याड त्येचा बाप बकऱ्याचं हाड चोखत बसलेला! मधी निस्ती एक भिंत... हसू नका. हसायला काय झालं? तुमास्नी सांगतो, ह्यात माजी चूक आसंल तर हा कोयता घ्या आन् घाला माज्या डोक्यात. चूक कुनाची? चूक निमाकोची. माजा मेव्हना, माज्या बायकूचा, सेरवाचा, धाकटा भाऊ. देवानं त्येला तोंड दिलंय ते बोलायला न्हाई, गिळायला. आन् गिळता गिळता मधी जागा गावली की एकच वाक्य भाईर पडतं, "दाजी, रिकाम्या पोटी मॅच बगू नये!"

का बगू नये? कोन म्हनलं? डोळ्यानं बगायची का पोटानं? पन न्हाई!

आता तुमी म्हनाल, एक मॅच चुकली तर एवढा का आरडतो हा मानूस. सांगतो. आमचा ओदुरो तुमास्नी ठावं हाय. आमच्या कोकोच्या रानात वाढलेलं पोरगं. मी झाडावर आकडीनं फळ तोडायचो आन् हे खाली हुबं ऱ्हाऊन झेलायचं. आता कोकोचं फळ भुईवर आपटलं म्हनून काय बिघडत न्हाई, फोडायचंच असतं ते, पन मला तो धप्पदिशी आवाज खपत न्हाई. एक फळ खाली पडलं की म्या वरनं शिवी हासडायची, "उकडलेल्या सुरना, डावीकडं बग की!" झालं, पोरगं डावीकडं झेप घालायचं. "उजवीकडं, ढेकळा!" उजवीकडं. आशानं ते गोलकीपर झालं. कुनी शिकवलं न्हाई त्येला. शिव्यांनी शिकवलं. गावातल्या मॅचला मी गोलच्या मागं बसायचो, आन् माजं तोंड चालू हाय तवर त्या गोलात माशी जात न्हवती.

ते गेलं कुमासीला, तांबड्या मुंग्यांच्या संघात. मोठा संघ. पन बसलं बाकड्यावर. मोसम सरत आला तरी बाकड्यावर. आन् एक दिस फोन, "बाबा, आमच्या मोठ्या गोलकीपरचं बोट मोडलं. शनिवारी मला हुबं करत्यात. कोच म्हनला, नीट हुबा ऱ्हायलास तर संघात कायम ठिवतो, न्हाई तर पिशवी भर आन् घरला जा." म्या म्हनलं, मंग हुबा ऱ्हा की नीट! तर म्हंतो, "बाबा, तुमी या. बाजाराकडच्या गोलच्या मागं बसा. आन् शिव्या द्या. शिव्या नसल्या की माजं पाय जड व्हत्यात."

म्हंजे बगा! दुनियेतली पोरं बापाच्या शिव्यांपासून पळत्यात, आन् माजं पोरगं फोन करून मागवतंय. सेरवा रडलीच. म्हनली, "जावा, आन् घसा नीट ठिवा." मध दिला तिनं मला चाटायला, सकाळ-संध्याकाळ. कोचला द्यायला केळ्याचा घड तोडला आन् जिनची हिरवी बाटली काढली, जी आमी लग्नाकार्यालाच काढतो. आन् मंग तिनं ती चूक केली. म्हनली, "संगं निमाकोला न्या. त्येला शहर कळतं."

शहर कळतं! त्येला शहरातलं काय कळतं, तर कुटं काय शिजतं.

वडापच्या गाडीतनं उतरलो तवा मॅचला येळ व्हता, भरपूर. स्टेडियम समोर दिसतंय. मी तांबडा सदरा घातलेला, काळ्या पट्ट्यांचा, डोक्याला काळं फडकं. निमाकोचंबी तेच. मुंग्यांचा रंग तोच, तांबडा आन् काळा. म्या म्हनलं, चल आत, जागा धरू. तर हा हुबा ऱ्हायला, नाक वर केलं, कुत्र्यासारखं, आन् म्हनला, "दाजी, रिकाम्या पोटी मॅच बगू नये. चक्कर यिती. शिव्या द्यायला पोटात दम पायजे. बिनरश्श्याच्या शिव्या पोरापातूर पोचायच्या न्हाईत."

हे मला पटलं. हितंच मी मेलो. मला वाटलं, खरंच की... पोरासाठीच खायचं हाय.

बरं खा म्हनलं तर खावं ना! पहिल्या खानावळीत बाई फुफू कांडत व्हती. उखळ, मुसळ, वाफाळलेला कसाव्याचा कंद, दोन गडी घाम गाळत्यात, मागं रस्सा रटरटतोय. बसा की! तर ह्यानं झाकन उचलून वास घेतला आन् म्हनला, "पातळ हाय." बाईनं ऐकलं. बाई म्हनली, "तुज्या आक्कलीपरास दाट हाय, ऊठ." उठलो. दुसरीकडं भात-चवळी सपलेली, निस्ती पानं ऱ्हायलेली. तिसरा दारूचा गुत्ता, गार बियर, बाकडी, पाखा... पन आत समदे हिरवे सदरेवाले! समोरच्या संघाचे! त्यातला एक जाड्या म्हनला, "या मुंग्यांनो, पायाखाली बसा." म्या बाटलीच उचलली व्हती. निमाकोनं धरून भाईर वडलं.

मंग भट्टीवर केळी भाजनारी एक म्हातारी गावली. म्या म्हनलं, दोन केळी दे मावशे, आन् मूठभर शेंगा. ती केळी उलटत उलटत म्हंती, "मुंग्यांचं का तुमी? आज मुंग्यांचं काय खरं न्हाई. कुनी रानातनं आलेलं पोरगं गोलात हुबं करनार म्हंत्यात. बिनदाराची चौकट."

बिनदाराची चौकट! माज्या पोराला! तुमास्नी सांगतो, माज्या डोक्यातनं धूरच निघाला. "ए म्हातारे," म्या म्हनलं, "ती चौकट माजी हाय! तो माजा पोरगा हाय!" म्हातारीनं माज्याकडं बगितलं, वरनं खाली. आन् आनखी एक केळं कागदावर ठिवलं. म्हनली, "मंग हे फुकट घ्या भाऊ. रडायला ताकद लागंल."

म्या समदी केळी तिच्या भट्टीत फेकली आन् चालाय लागलो. निमाको मागं, "दाजी, केळी! दाजी, ती केळी फुकट व्हती!" आन् मॅचची येळ झालेली. लोक पळायला लागले. म्या म्हनलं, आता बास, आत चल. तर हा रडकुंडीला आला, "दाजी, निस्तं कायतरी तोंडात टाकू... दाजी, रिकाम्या पोटी..." आन् बोलता बोलता थांबला. बोट दाखवलं.

स्टेडियमच्या भिंतीला लागून मांडव! मोठा. तांबडा-काळा कपडा. खुर्च्याच खुर्च्या. समदी मानसं तांबड्या-काळ्या कपड्यांत. ढोल. कर्ने, घरायेवढे. बियरची खोकी एकावर एक. आन् वास... बकऱ्याच्या रश्श्याचा, मिरी-आलं घातलेला, दाट. निमाकोच्या डोळ्यांत पानी आलं. म्हनला, "दाजी, हा मुंग्यांच्या पाठीराख्यांचा मांडव!"

आता म्हना, "अमोआतेंग, गाढवा, शनिवारी तांबडं-काळं म्हंजे काय, हे शेंबडं पोरगं सांगंल! शनिवारी कुमासीत गल्लीगल्लीत मयताचा मांडव असतो!" म्हना. मला आता कळतंय. पन तुमी तितं न्हवता! आमच्या भवतीनं गावभर मानसं त्याच रंगात पळत व्हती, आमी सोता त्याच रंगात! ढोल तोच! मांडवाच्या तोंडाला ह्ये मोठा फोटो, कुना म्हाताऱ्याचा, कोट घातलेला. म्या इचारलं, हा कोन? निमाको म्हनला, "क्लबचा अध्यक्ष." फोटोखाली नावंच नावं. मला वाचता येत न्हाई, त्येला येतं आसं तो सांगतो. त्येनं बोट लावत लावत वाचलं आन् म्हनला, "ही टीम हाय. खाली राखीव खेळाडू. लई राखीव ठिवल्यात बगा यंदा." म्या इचारलं, ओदुरोचं नाव हाय का? म्हनला, "हाय की! 'ओदुरो, नातू.' कोच त्येला नातवासारखा मानत आसंल." माजी छाती फुगली! आता कुमासीत दगड मारला तर ओदुरोलाच लागतो, पन हे तवा सुचावं ना!

शिरलो. आन् चार मानसं बसलेली दिसली की उजवीकडनं सुरू करून समद्यांच्या हातात हात द्यायचा, ही आपली रीत. रानटी न्हाई आपन. दिले हात. पहिली रांग, दुसरी रांग. समदे गंभीर. म्या मनात म्हनलं, मॅच म्होरं हाय, मानसं काळजीत हाईत. एक बाई हुंदकं देत व्हती. निमाको माज्या कानात म्हनला, "मागल्या हप्त्यात हरलो न्हवं का आपन, ते मनाला लावून घेतलंय तिनं." म्या तिचा हात जरा जोरात दाबला. म्हनलं, "बाई, रडू नका. आज आपलं पोरगं हाय तितं." तिनं माज्याकडं आसं बगितलं... आन् ज्यास्तच रडाय लागली.

बसवलं आमाला. भिंतीला लागून. पानी दिलं. मंग बियर. मंग फुफूचा गोळा, पोराच्या डोक्यायेवढा, आन् वरनं रस्सा, त्यात बकऱ्याची तंगडी. पैसं इचारलं न्हाईत! म्या म्हनलं, काय दिलदार क्लब हाय! हितं माजं पोरगं कायम झालं तर आपन दर शनिवारी यायचं! निमाको जेवतोय. मुंडी खाली, कोपरापातूर हात भरलेला.

आन् मंग भिंतीपल्याड शिट्टी झाली. मॅच सुरू! म्या हात धुवायला उठलो, म्हनलं, चल रं, आटप. तवर म्होरं दोन बायांनी धरून एका म्हाताऱ्या बाईला आनली. नखशिखान्त काळं, गळ्यात काळा दोरा. तिनं माजा हात धरला. खरकटा हात, रश्श्यानं भरलेला... दोन्ही हातांत धरला. आन् म्हनली, "तेपाकडनं आलात न्हवं का तुमी? तुमच्या बोलन्यावरनं वळखलं मी. सकाळधरनं वाट बगतीया. समदे म्हनले, फोसूच्या गावाकडनं कुनी यायचं न्हाई. माज्या नवऱ्याच्या मयताला त्येच्या मातीतला एकबी मानूस न्हाई म्हनून माज्या म्हायेरची लोक हसत व्हती मला. तुमी तरी आलात."

फोसू. फोटोतला म्हातारा. अध्यक्ष!

म्या निमाकोकडं बगितलं. त्येनं फोटोकडं बगितलं. मंग ताटाकडं बगितलं. आन् हळूच म्हनला, "राखीव न्हवते व्हय ते..."

आता बोला! काय करायचं? आमचं गाव तेपाच्या पल्याडच, हे खरंच. म्हातारीनं हात सोडलेला न्हाई. ज्याच्या मयताला त्येच्या गावचं कुनी न्हाई, त्येचं काय ऱ्हातं, हे आपल्याला सांगाया पायजे का? "न्हाई बाई, आमी मॅचला आलोय, चुकून तुजं बकरं खाल्लं," आसं म्हनू? तुमी म्हनला आसता? तुमी म्हनला आसता तर माज्या मांडवाला येऊ नका, आधीच सांगून ठिवतो. म्या म्हनलं, "आलो बाई. उशीर झाला... पन आलो."

आन् भिंतीपल्याड, हाऽऽऽ! आख्खं स्टेडियम वरडलं. माज्या पाठीला भिंत हालल्याली कळली.

म्या म्हनलं, आता चार शब्द बोलतो आन् सटकतो. सटकतो! आवो, रीत हाय! कुळाचा म्होरक्या हातभर लांब बसलेला. मला तो दिसतोय, त्येला मी दिसतोय. माजं बोलनं त्येला ऐकू येतंय. पन थेट बोलायचं न्हाई, मधी बोलक्या! हातात काठी घिऊन हुबा. त्येला सांगायचं, तो मध लावून म्होरक्याला सांगनार, म्होरक्या त्येला सांगनार, तो परत मध लावून मला. म्होरक्या म्हनला, "कशापायी आलात?" बोलक्या म्हनला, "वडलांचं म्हननं आसं की हितं समदं शांत हाय, वाऱ्यानं पान हाललं न्हाई, कुनाच्या पायात काटा मोडला न्हाई, तवा तुमच्या पायांनी कोनती वाट काढली आन् तुमच्या पोटात काय हाय?" पोटात काय हाय! तुजंच बकरं हाय की!

तिकडं हाऽऽऽ! मंग एकदम गप. आख्खं स्टेडियम गप. आपली मानसं गप झाली म्हंजे काय? म्हंजे गोल बसला! माज्या पोराला गोल बसला! म्या घाईनं म्हनलं, "दुःख ऐकलं, आलो, रस्ता द्या." बोलक्या म्हनला, "सावकाश, पाव्हनं. मयताला घाई कसली?"

घाई मयताला न्हाई रं, भाड्या, मला हाय!

मंग दारू. भुईवर तर्पन केल्याबिगार तोंडाला लावायची न्हाई, आन् तर्पन करनारा तोतरा! एकेका पूर्वजाला हाक मारतोय, एकेक नाव तीन तीन झटक्यांत. तिकडं परत हाऽऽऽ! हितं "नाना... नाना... नाना फ्रि... फ्रि..." म्या म्हनलं, आरं फ्रिम्पोंग म्हन आन् सोड त्येला! तिकडं परत गप. म्हंजे दोन झाले. मंग कर्न्यावर आहेर पुकारायला लागले, गावाकडनं काय आलं म्हनून. आमच्याकडं काय व्हतं? कोचचा घड आन् जिनची बाटली. निमाकोनं उचलून दिली. माज्याकडं न बगता दिली. कर्ना वरडला, "फोसूच्या मातीतनं, तेपाकडच्या मंडळींकडनं..." म्हातारी उठली. तिनं भवताली आसं बगितलं, म्हायेरच्यांकडं, एकेकाकडं... तुमास्नी सांगतो, बापजन्मात मला कुनी आसं मोठं केलं न्हाई. आन् त्याच टायमाला माजा जीव भिंतीवर चढत व्हता.

मंग नाचायला वडलं! ढोल लागला की गावकऱ्यांनी नाचायचं, फोसूच्या म्होरं. मी नाचलो. एक पाय आत, एक भाईर, कान भिंतीला. निमाको नाचला. भरल्या पोटानं नाचला आन् मला म्हनला, "दाजी, बगा, रिकाम्या पोटी ह्ये जमलं आसतं का?" म्या नाचता नाचता त्येच्या पायावर पाय दिला. हाड वाजलं. लोकांस्नी वाटलं, नाचच हाय आसला.

सरतेशेवटी म्या बोलक्याला हात जोडलं. "रस्ता मागतो," म्हनलं. बोलक्यानं म्होरक्याला सांगितलं. म्होरक्यानं इचार केला. शेजाऱ्याला इचारलं. शेजाऱ्यानं तपकीर वडली. मंग बोलक्या वळला आन् म्हनला, "वडलांनी अर्धा रस्ता दिलाय. अर्धा परत यायला ठिवलाय." म्या म्हनलं, तेवढा बास, आन् जे पळालो!

खुर्च्या पाडत पळालो. स्टेडियमला फेरा मारून दारावर आलो तर दारवान आडवा. माज्या कपाळाला मांडवातल्या बायांनी तांबडी पट्टी बांधलेली, तोंडाला दारूचा वास, डोळ्यांत पानी. तो लई मायेनं म्हनला, "काका, मयत त्या अंगाला हाय." म्या त्येला शिव्या दिल्या. पोरासाठी जपून ठिवलेल्या, मध चाटून साठवलेल्या शिव्या, समद्या त्येच्यावर गेल्या! निमाकोनं तिकिटं दाखवली. आत गेलो. जिना. मानसांच्या मांड्यांवरनं, डोक्यांवरनं, बाजाराकडच्या गोलच्या मागं.

आन् बगतो तर काय... गोल न्हाई! एकबी न्हाई! शेजाऱ्याला इचारलं, किती झाले? तो म्हनला, "शून्य-शून्य. त्या नव्या पोरानं काय काय अडवलंय, काका! भिंत हाय भिंत!" म्या इचारलं, मंग लोक गप का झाले व्हते? म्हनला, "श्वास धरून बसलो व्हतो की!" आन् वरचे समदे, हिरवे सोडून समदे, माज्या पोराचं नाव घेत व्हते. "ओदुरो! ओदुरो!" अडवलं समदं त्येनं, आन् शिवी न्हाई, काय न्हाई. बापाबिगार. निस्तं आपल्या आपनच. बाजूंच्या बदलाबदलीत ते आता ह्याच गोलात आलेलं, माज्या म्होरं, पाठमोरं. इतकं जवळ की सदऱ्यावरचा घाम दिसत व्हता.

आता मला सांगा, मी गप बसायला पायजे व्हतो का न्हाई? मॅच संपत आलेली. चेंडू पार तिकडच्या टोकाला. पोरगं झकास हुबं. गप बसलो आसतो तर काय जात व्हतं माजं? पन निमाको कोपर ढोसतोय, "दाजी, बोला की आता! पोरगं सकाळधरनं वाट बगत आसंल. पोट भरलंय, दम हाय. हाना एक!" आन् मला वाटलं... काय वाटलं सांगू? वाटलं, त्येला कळूदे. बाप आला न्हाई म्हनून त्येच्या मनात राह्यला नको. म्हातारीनं कसं म्हनलं, तुमी तरी आलात... तसं.

म्या तोंड उघडलं. "ओदुरोऽऽ! उकडलेल्या सुरनाऽऽ! डोळं फुटलं काय रंऽऽ!" पोट भरलेलं व्हतं. आवाज असा निगाला की पाच रांगा वळल्या.

पोरगं वळलं. मला हुडकलं. आन् हसलं. आसं हसलं की... ल्हानपनी पहिलं फळ झेललं व्हतं ना, तसं. आन् तिकडं कुना हिरव्यानं, काय सुचंना म्हनून, जीव वाचवायला, आंधळी लाथ घातली. चेंडू वर, वर, आभाळात, कुनाचा न्हाई. आन् खाली येत येत... म्या बगितला. आख्ख्या स्टेडियमनं बगितला. मी चेंडूकडं बगत व्हतो आन् तो माज्याकडं बगत व्हता. "डावीकडं!" म्हनायला तोंड उघडलं. शब्द निगालाच न्हाई. ढेकर आली.

चेंडू एकदा टप्पा घिऊन त्येच्या डोक्यावरनं आत गेला. धप्प. तोच आवाज.

भाईर आलं ते पिशवी घिऊनच आलं. कोच वाईट बोलला न्हाई म्हनं. पाठीवर थाप मारली आन् म्हनला, मोठ्याचं बोट बरं व्हत आलंय. तेवढंच. आमी तिघं गाडीच्या थांब्यावर हुबे. ओदुरोनं माज्या कपाळाची तांबडी पट्टी सोडली, घडी केली, माज्या हातात दिली. आन् लई शांतपने इचारलं, "बाबा, कुटं व्हता?"

आता पोराशी खोटं बोलायचं का? म्हातारीशी बोललो, बोलक्याशी बोललो... पोराशी न्हाई. म्या म्हनलं, "जेवत व्हतो."

त्येनं पिशवी खांद्यावर टाकली. मंग म्हनलं, "मंग आजून एकदा वाढून घ्यायचं व्हतं की, बाबा. एवढं एक वाढप झालं आसतं, तर तवर मॅच सपली आसती, आन् मी सुटलो आसतो."

बरोबरच बोललं पोरगं. आन् खरं सांगू का... मी निगताना मांडवातली ती म्हातारी पळी घिऊन हुबी व्हती. म्याच नको म्हनलं.